पायाखालचं गाव

चपला काढून ठेवा. खुर्चीत बसला असाल तर दोन्ही तळपाय जमिनीला टेकू द्या. खाली मांडी घालून बसला असाल तर एक हात जमिनीवर ठेवा. फरशी गार लागेल, कोबा खरखरीत लागेल, विसाव्या मजल्यावर असाल तर तुमच्या पायाखाली दुसऱ्या कुणाचं छत असेल. काही हरकत नाही. जिथे अंगाचा भार पडतो आहे तिथे थोडा वेळ लक्ष राहू द्या. दिवसभर आपण उभे राहतो, चालतो, धावतो, पण कशावर, हे बघायला सवड होत नाही.

आज एका नाचाकडे बघायचं आहे. सुरुवात पायापासून करू, कारण तो नाच स्वतःच तशी करतो.

मनाने फाल्गुनात या. रत्नागिरी जिल्हा, संगमेश्वर तालुका, रात्रीचे नऊ-साडेनऊ. आमचं कौलारू घर, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण. हे अंगण आधी नीट बघा. पाऊस सरल्यावर तांबडी माती आणून पसरलेली, पाणी शिंपडून चोपण्याने चोप चोप चोपलेली, आणि वर शेणाने सारवलेली. माझी आजी बोटं जुळवून, मनगट फिरवत सारवायची. एकात एक गुंतलेल्या अर्धगोलांची नक्षी उमटत जायची. सुकलं की त्यावर भात वाळायचा, मिरच्या वाळायच्या, आमच्या गोट्या पळायच्या. शिमग्याच्या दिवसांत मात्र त्या अंगणाकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघायचो. इथे खेळे, म्हणजे घरोघर नाचणारी मंडळी, येणार असत.

आधी आवाज येतो. दिसत काहीच नाही, फक्त बांधावरून, पाणंदीतून चाळांचा आवाज येतो. खूप माणसं एका वाटेने चालताना पावलं पुढेमागे पडतात, म्हणून तो आवाज अजून तालात नसतो. आता कान तिकडे लावा. आवाज वहाळ ओलांडतो, जवळ येतो, मग आंब्याच्या बुंध्यावर गॅसबत्तीचा उजेड हलतो, आणि मग माणसं दिसतात. पायघोळ पांढरे झगे, डोक्याला पागोटी, दोघांच्या कमरेला मृदंग. मागून काळ्या झग्यातला, टोकदार मुखवट्याचा संकासूर. त्याच्या भीतीने मी आजीच्या लुगड्याआड जायचो आणि त्याला बघायला लगेच बाहेर डोकवायचो. आजी त्याच्यापुढे हात जोडायची. ज्याने वेद चोरले, ज्याला विष्णूने मत्स्यावतार घेऊन मारलं, त्या असुराला आमच्याकडे नवस बोलतात. हे कोडं मला आजही सोडवावंसं वाटत नाही. भीती वाटते त्याच्यापुढेच हात जोडायचे, हे मला तेव्हा आजीकडे बघून कळलं होतं.

थोडं थांबा आणि एकाच माणसाकडे बघा. खेळ्यांतला एक जण पडवीच्या पायरीवर टेकला आहे. त्याच्या पायातला चाळ सैल झाला आहे. चाळ म्हणजे जाड सुती दोरीत ओवलेली पितळी घुंगरं. त्याने दोरी सोडली. घोट्याला जुनेराची पट्टी गुंडाळली, धातू चामडीला घासू नये म्हणून. तिच्यावर दोरीचे वेढे घेतले, एक, दोन, तीन; प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून. टोकं आवळून गाठ मारली आणि गाठ आत खोचली. उठून पाय एकदाच आपटला. घुंगरं एका सुरात वाजली तेव्हा तो हसला. दिवसा हाच माणूस आमच्या शेजारी नांगर धरायचा, भाताच्या रोपांसाठी दाढ भाजायचा. त्या गाठीने तो दुसरा कुणी झाला असं मला तेव्हा वाटे. आता वाटतं, गाठीने तो जमिनीशी बांधला गेला. एरवी पाऊल पडलं तर कुणाला कळत नाही. चाळ बांधल्यावर पावलागणिक जमीन उत्तर देते आणि ते उत्तर सगळ्यांना ऐकू जातं.

बांधणं या अर्थाचा ‘जाखडणं’ हा शब्द आपल्या भाषेत आहे. गणपतीच्या दिवसांत याच जिल्ह्यात, याच वाड्यांतली माणसं जो नाच करतात त्याला जाखडी म्हणतात, आणि त्या नावाचा धागा या जाखडण्याशी जोडला जातो. जाखडीत गाणारे आणि ढोलकी-झांजवाले मधोमध बसतात, नाचणारे त्यांच्याभोवती फेर धरतात. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले की रात्रभर सवाल-जबाब रंगतात. एक पक्ष शक्तीचा, म्हणजे कलगीचा. दुसरा शिवाचा, म्हणजे तुऱ्याचा. आई मोठी की बाप, प्रकृती आधी की पुरुष, या प्रश्नावर शेतकऱ्यांनी आणि गिरणी कामगारांनी पुराणांचे दाखले देत भांडावं आणि सकाळी एकत्र चहा प्यावा, याहून सुंदर वाद मी ऐकलेला नाही.

या नाचाला आणखी एक नाव आहे, बाल्या नाच. नाचणाऱ्यांच्या कानांत बाळ्या असत म्हणून बाल्या, असं सांगतात. मुंबईत घरकामाला, हमालीला गेलेल्या कोकणी माणसाला शहर ‘बाल्या’ म्हणूनच हाक मारायचं. त्या हाकेत माया किती होती आणि हिणवणं किती, हे ज्याला हाक मारली त्यालाच ठाऊक. या नावावर जरा रेंगाळू. कुणीतरी तुमच्या कानातल्या दागिन्यावरून तुम्हाला नाव ठेवतं. ते परतवून लावायला तुमच्याकडे ना पैसा आहे, ना शहाणी मराठी. तुम्ही ते नाव घेता, पायात चाळ जाखडता, आणि तेच नाव मिरवत फेर धरता. मला या गोष्टीत विलक्षण धीर दिसतो.

आता नमन. शिमग्यातल्या खेळाचं नावच नमन. खेळे, नमन-खेळे असंही म्हणतात. गणपती यायच्या आधी, गौळण यायच्या आधी, पेंद्या आणि मावशी लोकांना हसवायच्या आधी, वग लागायच्या आधी आणि पहाटेला दहा तोंडांचा रावण नाचायच्या आधी, नमनं होतात. नमनं बारा, असं मोजतात, आणि त्यांतलं पहिलं धरतरीला.

एकवार पुन्हा पायाखाली लक्ष न्या. रात्रभर जिच्यावर पाय आपटायचे आहेत तिला आधी वंदन. अंगणात उतरताना खेळे वाकून मातीला हात लावतात आणि तो हात कपाळाला नेतात. आमचे वडील शेतात पहिला फाळ घालतानाही तेच करायचे. नाच आणि नांगरट, दोन्हींत जमिनीला दुखवावं लागतं. म्हणून आधी विचारायचं.

धरतीमागून आकाशातले देव येतात, मग गावची देवता, मग मानकरी, जमलेली मंडळी. ऐकणाऱ्याला ते लांबण वाटतं. हल्ली रंगमंचावरच्या नमनात वेळ कमी पडला की पहिली कात्री तिथेच बसते. दिवे उत्तम असतात, पोशाख झगमगीत असतात, गौळण छान सजलेली असते, मला त्याचा आनंदही होतो. पण नमनं आटोपती घेतलेली बघून मला खरोखर वाईट वाटतं. कारण त्या यादीत नाचाचा पत्ता आहे. विश्वापासून निघून ती यादी हळूहळू खाली उतरते आणि तुमच्या अंगणात येऊन थांबते. आपण कुठे नाचतो आहोत, कुणाच्या देखत, कुणाच्या जमिनीवर, हे सांगून झाल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, असा तो रिवाज आहे.

पत्त्याची हीच ओढ मंडळांच्या कापडी फलकांवर दिसते. आधी ग्रामदेवतेचं नाव: वाघजाई, केदारलिंग, जुगाई, सोमजाई. मग नाच मंडळ की नमन मंडळ ते. मग वाडी, मग मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा. नर्तकाचं नाव त्यात नसतं. गाव नाचतं, माणूस त्या गावाचा पाय होतो. मुंबईत दोन कोकणी माणसं पहिल्यांदा भेटली की विचारतात, “गाव कंचा?” गाव कळलं की, “वाडी कंची?” वाडीही कळली की, “कुणातला?” या तीन प्रश्नांनंतर नोकरी-पगार विचारायची फारशी गरज उरत नाही.

तुम्हीही स्वतःला हे तीन प्रश्न विचारा. घाई करू नका. गावाचं नाव मनात उच्चारा आणि त्या नावाबरोबर काय उगवतं ते बघा: चढण, पार, विहीर, एखादा वास. मग वाडीचं नाव. मधलीवाडी, तळेवाडी, पिंपळवाडी, काहीही असेल. नाव येत नसेल, घर विकलं गेलं असेल, तुमचा जन्मच शहरातला असेल, तर ती रिकामी जागाही तशीच असू द्या.

नाचाला गावाचं नाव चिकटणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. स्कॉटलंडच्या ईशान्येला, डॉन नदीच्या काठी मोनीमस्क नावाचं खेडं आहे. तिथले जमीनदार सर आर्चिबाल्ड ग्रँट यांनी उजाड माळावर लाखो झाडं लावली. डॅनियल डाव या संगीतकाराने त्यांच्या आणि गावाच्या नावाने एक चाल बांधली, ती 1776 साली छापली गेली. पुढे माणसाचं नाव गळलं आणि चाल, तिच्यावरचा नाच, दोन्ही नुसतं मोनीमस्क झाले. नाच समुद्र ओलांडून अमेरिकेत गेला. तिथल्या खेड्यांत लोक त्याला ‘मनी मस्क’ म्हणू लागले. आपल्या मराठीत सांगायचं तर, त्यांना त्या नावात पैसा आणि कस्तुरी ऐकू आली. गाव ऐकू येईना. तरीही दोन-अडीचशे वर्षं ते पाय त्याच गावाच्या नावावर फिरत राहिले. स्कॉटलंडच्या एका संथ, घरंदाज नृत्यप्रकाराचं नावच स्ट्रॅथस्पे, म्हणजे स्पे नदीचं रुंद खोरं. त्या खोऱ्यात कधी पाऊल न टाकलेली माणसं जगभर ते खोरं नाचतात.

मला हे वाचताना आमचा देव भैरी आठवला. रत्नागिरी शहराचा हा ग्रामदेव, बारा वाड्यांचा देव. शहर वाढलं, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, नगरपरिषदेने प्रभाग पाडले. शिमग्यात मात्र शहराचा नकाशा पुन्हा बारा वाड्यांचा होतो. देवाला रूपं, म्हणजे मुखवटे, लागतात, पालखी निघते, पोलीस सलामी देतात, पालखी झाडगावच्या सहाणेवर विसावते. जिल्ह्यात कुठे तेरसे शिमगे, कुठे भद्रेचे; तिथी वेगळ्या, पण पद्धत एकच. एरवी माणसं देवाकडे जातात, या दिवसांत देव माणसांच्या दारात येतो आणि खांद्यांवर नाचतो. पालखी नाचवणाऱ्यांचे पाय बघितलेत कधी? डोळे मिटलेले, मान मागे, आणि पाय मात्र दगड-धोंडे चुकवत अचूक पडत असतात. पायांना गाव पाठ असतं.

आणि गाव रिकामं होत असतं. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती. 2011 साली ती 16,15,069 भरली. दहा वर्षांत 81,708 माणसं कमी. त्याच जनगणनेत हजार पुरुषांमागे 1,122 बायका होत्या, राज्यात सर्वांत जास्त. हा आकडा वाचताना मला अंगण दिसतं: पडवीत बसलेल्या बायका, आणि फेरात दोन माणसांमधलं वाढत गेलेलं अंतर. पुरुष आधी बोटीने मुंबईला गेले, मग लाल डब्याच्या एसटीने, 1998 पासून कोकण रेल्वेने. गिरणगावात एकेका गावाची एकेक खोली असायची. तिच्यात वीस-वीस, तीस-तीस गडी पाळ्यांप्रमाणे झोपायचे, पेट्या भिंतीला लावलेल्या. त्याच भिंतीवर खुंटीला मृदंग. परळचं दामोदर नाट्यगृह 1922 साली उभं राहिलं, आणि शक्ती-तुऱ्याच्या, नमनाच्या किती रात्री तिथे झाल्या याची मोजदाद नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, माणसं देशोधडीला लागली, कुणी गावी परतलं, कुणी विरार-दिव्याला फेकलं गेलं. नाच मंडळांच्या फलकांवरची वाडी मात्र तीच राहिली. 2023 मध्ये दामोदरही पुनर्बांधणीसाठी बंद झालं.

लाकडी रंगमंचावर धरतरीला नमन करणारा एक माणूस मला कितीदा तरी आठवतो. तो वाकतो, फळीला हात लावतो, कपाळाला नेतो. फळीखाली माती नाही हे त्याला माहीत आहे. त्याला हाताला काय लागलं असेल? डोळे मिटून तुम्हीही विचार करा. मला वाटतं, त्याला सारवलेलं अंगणच लागलं असणार.

इथे एका ठिकाणी मला थांबावंच लागतं, कारण गावाचं नाव घेताना नुसता गोडवा सांगितला तर ते खोटं होईल. आपल्या पुष्कळ वाड्यांच्या नावांत जात लिहिलेली असते. पत्ता सांगितला की माणसाची पायरी सांगितली जायची. मानाच्या यादीत काही घरं पिढ्यानपिढ्या होती आणि काही घरं पिढ्यानपिढ्या लांब उभी राहून बघत होती. त्यांच्या अंगणात चाळांचा आवाज फक्त लांबूनच यायचा. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. मी त्याचं मनापासून स्वागत केलं. ज्या नावाने मान खाली जाते ते नाव बदललंच पाहिजे, मग ते किती का जुनं असेना. पण धरतरीचं नमन पुन्हा ऐका. त्यात मानकरी नंतर येतात, जमीन आधी येते, आणि जमिनीला वाड्या नसतात. ज्यांनी हे नमन पहिल्यांदा रचलं त्यांना हे दिसलं असेल का? जे लांब उभे राहून ऐकत होते त्यांना नक्की दिसलं असेल.

आता अंगणात परत या. रात्र उलटली आहे. रावण नाचून गेला. गॅसबत्तीची जाळी पिवळी पडत चालली आहे. आजीने सुपातून नारळ, तांदूळ आणले, वर नाणी ठेवली. खेळ्यांनी घराला आशीर्वाद दिले: गुरांना, लेकरांना, पेरल्या-उगवल्याला, आणि मुंबईला गेलेल्याला. मुंबईला गेलेला म्हणजे माझे काका. त्यांचं नाव आलं की आजीचा पदर डोळ्यांशी जायचा. मग खेळे पुढच्या घराकडे निघायचे, आणि आवाज आला तसाच वहाळ ओलांडून पलीकडे विरत जायचा. तो अगदी ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही कुणी बोलायचो नाही.

तुम्हीही तो आवाज विरेपर्यंत थांबा.

सकाळी उजाडल्यावर अंगणात पावलं दिसायची. सारवणाची नक्षी फुटलेली, मातीचे पोपडे निघालेले, आणि फेराची एक रुंद गोल वाट मळलेली. मी तिच्यावर पाय ठेवून चालून बघायचो. मोठ्या माणसांच्या टाचांचे खड्डे माझ्या पूर्ण पावलाएवढे. आजी एरवी उजाडायच्या आत झाडू घेणारी, पण त्या दिवशी अंगणाला हात लावायची नाही. कोंबड्या हाकलायची, आम्हाला कडेकडेने जायला सांगायची. संध्याकाळी ऊन उतरलं की मग शेणाचा गोळा कालवायची आणि पायरीपाशी बसून सुरुवात करायची. मनगट फिरायचं, अर्धगोलात अर्धगोल गुंतायचा, एकेक पाऊल झाकलं जायचं. फेराच्या मधोमध, मृदंगवाले उभे होते तेवढी जागा, ती सगळ्यात शेवटी सारवायची.